घरातली मारहाण मोजायची कशी: गोव्यात पाहणी करणाऱ्यांसाठी

बालदिन जवळ आला की एखाद्या संस्थेला, कॉलेजच्या समाजकार्य विभागाला किंवा वर्तमानपत्राला पाहणी करावीशी वाटते. गूगल फॉर्म तयार होतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. त्यातला पहिलाच प्रश्न असतो, ‘तुम्ही मुलांना मारता का?’ आठ दिवसांनी टक्केवारी छापून येते. ती टक्केवारी कुठल्याच गावाची, कुठल्याच मुलांची नसते. ज्यांच्याकडे फोन होता, वेळ होता आणि ज्यांना आपण चांगले पालक आहोत असं वाटत होतं, त्यांनी स्वतःबद्दल दिलेलं ते मत असतं.

जगभरच्या सरकारी पाहण्यांत ही गोष्ट मोजायची एक ठरलेली रीत आहे आणि ती गोव्यात लहान प्रमाणावरही वापरता येते. तिचा गाभा एका ओळीत मावतो: चिठ्ठी टाकल्यासारखं निवडलेलं घर, त्यातलं तसंच निवडलेलं एक मूल, गेला एक महिना आणि अकरा ठरलेल्या कृती. यातला एक दुवा सैल सोडला की आकडा गेला. खाली प्रत्येक दुवा घेतला आहे. जिथे गोव्यात हमखास घसरायला होतं, तिथे जास्त थांबलो आहे.

नेमकं काय मोजायचं

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांत १६.२.१ क्रमांकाचा निर्देशक आहे. १ ते १७ वयाच्या मुलांपैकी किती मुलांना गेल्या महिन्यात सांभाळणाऱ्यांकडून शारीरिक शिक्षा किंवा मानसिक आक्रमकता सोसावी लागली, हे तो सांगतो. यासाठीची सगळ्यात मोठी माहिती युनिसेफच्या ‘मल्टिपल इंडिकेटर क्लस्टर सर्वे’ या पाहणीतून येते. या लेखात तिला मिक्स म्हणू. शिस्तीचे प्रश्न मिक्समध्ये २००५च्या फेरीपासून आहेत. त्यांचं मूळ अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पालक-मूल संघर्ष-मापनपट्टीत आहे. युनिसेफने ती आखूड केली आणि गरीब-श्रीमंत सगळ्या देशांत विचारता येईल अशी केली.

याच प्रश्नांच्या जोरावर युनिसेफने २०२४ मध्ये सांगितलं की जगातल्या ५ वर्षांखालच्या सुमारे ४० कोटी मुलांना, म्हणजे १० पैकी ६ मुलांना, घरात नियमितपणे मार किंवा मानसिक आक्रमकता सोसावी लागते. त्यातल्या सुमारे ३३ कोटींना शारीरिक शिक्षा होते.

भारतात मात्र पोकळी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याकडून बायकोवर होणाऱ्या हिंसेचे प्रश्न आहेत, मुलांच्या शिस्तीची ही अकरा कलमं नाहीत. म्हणून आपल्याकडे कोणी आकडा दिला की तो बहुतेक वेळा महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या बाल अत्याचार अभ्यासातला असतो. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला तो अभ्यास होता आणि त्या १३ राज्यांत गोवाही होता. त्यातला ६९ टक्के शारीरिक अत्याचाराचा आकडा अजून भाषणांत येतो. अभ्यास मोलाचाच होता, मुलांना स्वतः बोलतं करणारा होता. पण त्यात शाळेतली, शाळेबाहेरची, संस्थांत राहणारी, कामावर जाणारी आणि रस्त्यावरची मुलं असे पाच गट मुद्दाम निवडले होते. त्यामुळे त्या आकड्याला ‘दर शंभर घरांतली मुलं’ असा अर्थ देता येत नाही. तुमच्या पाहणीचा आकडा त्याच्याशेजारी ठेवून ‘मारहाण कमी झाली’ असं कुणी लिहायला लागलं तर आधीच थांबवा.

आणखी एक सीमा आखून घ्या. ही पद्धत गुन्हा मोजत नाही. गोवा बाल कायदा, २००३ मधली बाल अत्याचाराची व्याख्या फार रुंद आहे. वागणूक नेहमीची असो वा नसो, शारीरिक, मानसिक, उपेक्षा, क्रौर्य, मुलाच्या प्रतिष्ठेला कमी लेखणारी कृती किंवा शब्द, हे सगळं त्यात येतं. कायदा एका घटनेचा निवाडा करतो. पाहणी हजारो घरांतलं रोजचं वळण दाखवते. एका घरातल्या ‘हो’वरून त्या आईबापांबद्दल काही ठरवायचं नसतं. हे प्रगणकांना, म्हणजे घरोघरी जाऊन प्रश्न विचारणाऱ्यांना, पटलं तरच त्यांच्या चेहऱ्यावर नापसंती उमटत नाही, आणि ती उमटली नाही तरच पुढचं उत्तर खरं येतं.

अकरा कृती, त्याच क्रमाने

प्रश्न विचारण्याआधी तीन वाक्यं वाचायची. मिक्समधली सुरुवात मी अशी म्हणतो: ‘मुलांना चांगलं वळण लागावं किंवा त्यांचं काही चुकलं तर सुधारावं म्हणून मोठी माणसं वेगवेगळे मार्ग वापरतात. मी एकेक मार्ग वाचतो. गेल्या महिन्याभरात तुम्ही किंवा घरातल्या दुसऱ्या कुणा मोठ्या माणसाने तो आर्यनच्या बाबतीत वापरला का, एवढंच सांगा.’ ‘आर्यन’च्या जागी निवडलेल्या मुलाचं नाव. मग कलमं:

१. त्याच्या आवडीची गोष्ट बंद केली, किंवा त्याला घराबाहेर जाऊ दिलं नाही.
२. त्याचं वागणं का चुकलं ते समजावून सांगितलं.
३. त्याला धरून गदागदा हलवलं.
४. त्याच्यावर ओरडलं, आरडाओरडा केला.
५. त्याला दुसरं काहीतरी करायला दिलं.
६. नुसत्या हाताने ढुंगणावर फटका मारला.
७. पट्टा, ब्रश, काठी किंवा तसल्या कडक वस्तूने ढुंगणावर किंवा अंगावर कुठेही मारलं.
८. त्याला मूर्ख, आळशी किंवा तसलं काही म्हटलं.
९. तोंडावर, डोक्यावर किंवा कानावर मारलं.
१०. हातावर, दंडावर किंवा पायावर मारलं.
११. बदडून काढलं, म्हणजे अंगात होता तेवढा जोर लावून पुन्हा पुन्हा मारलं.

प्रत्येकाला हो किंवा नाही. पुढे जायची घाई करून दोन कलमं एकत्र वाचायची नाहीत.

१, २ आणि ५ या अहिंसक रीती. ४ आणि ८ मानसिक आक्रमकता. ३, ६, ७, ९, १०, ११ शारीरिक शिक्षा, आणि त्यातली ९ व ११ तीव्र शारीरिक शिक्षा. काठीचं कलम तीव्र गटात नाही हे पाहून अनेकजण चमकतात, मीही त्यातलाच. पण गट आपल्या मनाने बदलला की दुसऱ्या कुठल्याही देशाशी तुलना संपली. खटकत असेल तर ७ क्रमांकाचं कलम अहवालात वेगळं छापा, त्याला कुणाची हरकत नाही.

सौम्य आणि कडक कलमं मुद्दाम मिसळलेली आहेत. सुरुवात ‘बाहेर जाऊ दिलं नाही’ अशी साध्या गोष्टीने होते, मधेच ‘दुसरं काही करायला दिलं’ येतं आणि उत्तर देणाऱ्या बाईला आपली झडती चाललीय असं वाटत नाही. नीटनेटकेपणाच्या हौसेने कुणी ती गटवार लावून घेतली तर सहाव्यापासून अकराव्यापर्यंत सरळ ‘नाही, नाही, नाही’ ऐकायची तयारी ठेवा.

आता गोव्याचा भाग. भाषा एक नाही. मराठी आणि देवनागरी कोंकणी लागेलच. ख्रिस्ती घरांत वाचून दाखवायला रोमी लिपीतली प्रत हाताशी असेल तर प्रगणक अडखळत नाही. वास्को, झुआरीनगर, म्हापशाच्या बाजूच्या भाड्याच्या खोल्यांत हिंदी आणि कन्नड हवंच. प्रत्येक भाषांतर दुसऱ्या माणसाकडून, मूळ न दाखवता, उलट भाषांतर करून घ्या आणि मग दोन्ही समोरासमोर ठेवा. सगळ्यात जास्त गोंधळ तिसऱ्या आणि अकराव्या कलमात होतो. ‘हलवलं’ म्हटलं की बाळाला झोका दिल्यासारखं वाटतं, ‘गदागदा’ सुटता कामा नये. अकराव्यात ‘खूप मारलं’ एवढंच ठेवलं तर एका जोरदार थपडेलाही ‘हो’ येईल. ‘पुन्हा पुन्हा’ आणि ‘जोर लावून’ दोन्ही हवेत.

कलमं तीच ठेवून उदाहरणं मात्र इथली घ्यावीत. सातव्यात हेअरब्रश ऐकून सत्तरीतली आजी हसेल. तिच्या हाताशी खराट्याचा हीर, लाटणं, उलथनं किंवा चप्पल येते, तेच बोला. आठव्यात ‘पिसो’, ‘गाढव’, ‘म्हशीसारखा’ असे शब्द निघतात. ‘लाडाने म्हणतो हो आम्ही’ असंही लगेच येतं. अशा वेळी प्रगणकाने पंच व्हायचं नाही. ‘वळण लावताना, रागावताना तसं म्हटलं का?’ एवढं विचारून जे उत्तर येईल ते टिपायचं.

कान पिळणं, चिमटा काढणं, अंगठे धरून उभं करणं, उठाबशा, खोलीत किंवा न्हाणीघरात कोंडणं, रात्रीचं जेवण न देणं, अंगाला चटका देणं, हे अकरांत नाही. त्यातलं बरंच काही आपल्याकडे चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून त्यांचे प्रश्न जरूर घाला, पण अकरा संपल्यावर, वेगळ्या खणात. त्यांची बेरीज १६.२.१ मध्ये करायची नाही. आणि प्रगणकाने ‘कान पिळला’ हे उत्तर नवव्या कलमात ढकलायचं नाही, कारण तिथे मारण्याबद्दल विचारलं आहे.

सर्वांत शेवटी मताचा एकच प्रश्न: ‘मुलाला नीट वाढवायला, वळण लावायला, शिकवायला शारीरिक शिक्षा करावीच लागते असं तुम्हाला वाटतं का?’ हा आधी विचारला तर माणूस एका बाजूला उभा राहतो आणि मग अकराही उत्तरं त्या बाजूला धरून देतो. मत आणि कृती यांच्यात फार अंतर असतं. जगभरात ५ वर्षांखालच्या १० पैकी ६ मुलांच्या घरी या कृती घडतात, पण शिक्षा गरजेची आहे असं म्हणणाऱ्या आया आणि सांभाळणारे चारांत एकाहून थोडेच जास्त आहेत. ‘मारता का’ किंवा ‘मारावं का’ असा एकच प्रश्न विचारून पाहणी उरकणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच निसटतं.

किती घरं, आणि कुठली

नमुन्याचा हिशेब आधी कागदावर करा. खरं प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आहे असं धरलं आणि ५ टक्क्यांची चूक मागेपुढे चालेल असं ठरवलं तर साध्या यादृच्छिक निवडीत ३८४ मुलं लागतात. पण आपण एकेक घर राज्यभरातून वेचत नाही, वस्त्या निवडून त्यांतली घरं घेतो. एका वाड्यातली घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे माहिती कमी मिळते. त्यासाठी दीडपट करा, म्हणजे ५७६. दारं बंद असणं, नकार, अर्धवट मुलाखती यांसाठी आणखी दहाएक टक्के वाढवा, म्हणजे सुमारे ६४० मुलं. गोव्यात प्रत्येक घरात लहान मूल नसतं. समजा दहा घरांपैकी चार घरांत १ ते १४ वयाचं मूल सापडतं, तर १,६०० घरांपर्यंत जावं लागेल. एका गणना गटात, म्हणजे जनगणनेसाठी आखलेल्या छोट्या भागात, २० घरं धरली तर ८० गट. हा खर्च झेपत नसेल तर पाहणी एका तालुक्यापुरती करा आणि तसं स्पष्ट लिहा. अख्ख्या राज्याच्या नावाने शंभर घरं करू नका.

वय १ ते १४ का, तर बहुतेक देशांशी तुलना याच वयाची होते. १६.२.१ च्या व्याख्येत मात्र वय १७ पर्यंत आहे. १५ ते १७ घेतलीत तरी त्यांचा आकडा वेगळा काढा. एका वर्षाच्या आतलं बाळ घ्यायचं नाही.

गट निवडताना मोठ्या गटाला निवडलं जाण्याची शक्यता त्याच्या घरांच्या प्रमाणात जास्त द्यायची. जनगणनेची गट-यादी मिळवायला पर्वरीच्या नियोजन, सांख्यिकी व मूल्यांकन संचालनालयाला लेखी विनंती करावी. शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची आहे, आणि तेव्हापासून पर्वरी, कळंगुट, कुडचडे यांचं रूप किती बदललं ते सांगायला नको. म्हणून निवडलेल्या प्रत्येक गटात जाऊन घरांची यादी नव्याने करायचीच. हे काम कंटाळवाणं आहे आणि पाहणीचा जीव इथेच आहे.

गोव्यात यादी करताना तीन ठिकाणी चूक होते. पहिलं, बंद घरं. आखातात, इंग्लंडात, पोर्तुगालात गेलेल्यांची घरं, बाहेरच्यांनी घेतलेले सुट्टीचे फ्लॅट. ‘कुणी राहत नाही’ आणि ‘आज घरी नाहीत’ यांत फरक करा, शेजाऱ्यांना विचारून. राहत नसतील तर यादीतून काढा. राहत असतील तर वेगवेगळ्या वेळी निदान तीनदा जा, पण शेजारचं घर बदली म्हणून घेऊ नका. घरी कधीच न सापडणारी कुटुंबं ही बहुधा आईबाप दोघं कामावर असलेली असतात, त्यांना गाळलं की नमुना एका बाजूला कलतो.

दुसरं, मागच्या खोल्या. पुढे मालकाचं कौलारू घर, मागे भाड्याच्या चार-पाच खोल्या, प्रत्येक खोलीत एक स्थलांतरित कुटुंब. पुढचा दरवाजा ठोठावून परत आलात तर ती चारही कुटुंबं गायब. ज्यांचा स्वयंपाक वेगळा त्यांचं कुटुंब वेगळं, हा नियम धरून मागे चक्कर मारा.

तिसरं, फाटकवाल्या सोसायट्या. वॉचमन आत सोडत नाही. सोसायटीच्या सचिवाला आधी पत्र आणि ओळखपत्रांच्या प्रती द्याव्या लागतात. तिथे नकार जास्त येतात म्हणून तो गट वगळला तर ‘मार फक्त गरीब घरांत बसतो’ हा निष्कर्ष आपण आधीच लिहून ठेवला असं होईल.

घरातलं एकच मूल

घरात तीन मुलं असतील तर तिघांचंही विचारू नका. आईला विचारलं ‘कुणाबद्दल सांगता?’ तर ती एकतर सगळ्यात गुणी मुलाचं सांगेल किंवा सगळ्यात व्रात्य. म्हणून १ ते १४ वयाच्या सगळ्या मुलांची नावं मोठ्यापासून लहानापर्यंत लिहा आणि टॅबलेटवर यादृच्छिक क्रमांक काढा. कागदावर काम असेल तर घरक्रमांकाचा शेवटचा अंक आणि मुलांची संख्या यांचा छापील तक्ता वापरा. निवड झाली की बदलायची नाही. ‘तो मामाकडे गेलाय’ असं असलं तरी मूल या घरचं असेल तर उत्तर देणारे आईबाप किंवा सांभाळणारे इथे आहेतच. वय पुऱ्या झालेल्या वर्षांत, शक्य तर जन्मदाखल्यावरून.

आता एक हिशेब, जो बहुतेक लहान पाहण्यांत राहून जातो. एकुलत्या एका मुलाची निवड होणारच. तीन भावंडांतल्या एकाची शक्यता मात्र तिसऱ्या हिश्शाची. म्हणून तीन मुलांच्या घरातलं उत्तर तीनदा धरायचं. कल्पित उदाहरण घ्या: १०० घरांत एकेक मूल आहे आणि त्यांतल्या ५० मुलांना मार बसला. ५० घरांत तीन-तीन मुलं आहेत आणि निवडलेल्या ५० पैकी ३५ मुलांना मार बसला. सरळ मोजलं तर १५० पैकी ८५, म्हणजे ५७ टक्के. वजन दिलं तर २५० पैकी १५५, म्हणजे ६२ टक्के. पाच टक्क्यांचा फरक नुसत्या या विसराने पडतो.

‘घरातल्या दुसऱ्या कुणा मोठ्या माणसाने’ हे शब्दही जपा. प्रश्न ‘तुम्ही मारलं का’ असा नाही. सासू, दीर, सोबत राहणारी मावशी, सगळे त्यात येतात. जहाजावर गेलेला बाप महिनाभर घरी नसेल तर त्याचा प्रश्न येत नाही. तो पंधरा दिवसांपूर्वी सुट्टीवर आला असेल तर येतो. ट्यूशनच्या बाई आणि शाळेतले शिक्षक येत नाहीत. शाळेतल्या माराला शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार बंदी आहेच. तो मोजायचा तर वेगळी पाहणी करा.

महिना म्हणजे कुठला महिना

‘गेल्या महिन्यात’ विचारलं की लोकांना चार महिन्यांपूर्वीचं भांडणही कालच झाल्यासारखं आठवतं. म्हणून आधी एक खूण पक्की करा: ‘चवथ झाली त्यानंतर’, ‘दिवाळीच्या नरकासुरापासून’, ‘सांजावानंतर’, ‘सहामाही परीक्षा संपली तेव्हापासून’. प्रत्येक आठवड्यासाठी अशा खुणांची यादी छापून प्रगणकांना द्या आणि ती दर आठवड्याला बदला.

आणि सगळं काम परीक्षेच्या दिवसांत किंवा सगळं उन्हाळी सुट्टीत करू नका. परीक्षेच्या महिन्यात ओरडणं वाढतं हे सांगायला पाहणी लागत नाही. दुसरी फेरी करायची झाली तर ती वर्षाच्या त्याच काळात करा. पहिली परीक्षेत आणि दुसरी चवथीच्या सुट्टीत केली तर मधल्या कार्यशाळेने मारहाण घटली असा खोटा आनंद होईल.

दारात उभं राहिल्यावर

गोव्याच्या घरात पाहुण्याला बलकावात किंवा ओसरीवर बसवतात. हवेशीर जागा, चहा, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण थांबून विचारणार, ‘किदें गो चल्लां?’ नेमकी हीच जागा या मुलाखतीला चालत नाही. ‘काकू, मुलांबद्दल थोडं विचारायचंय, आत बसलो तर चालेल?’ असं म्हणून आत जावं. सासू ऐकत असेल तर सून एक उत्तर देते, नवरा ऐकत असेल तर दुसरं, आणि ते मूलच दाराआड उभं असेल तर फार वेगळं. जोडीने प्रगणक पाठवण्याचा फायदा इथे होतो. दुसरी मुलगी आजीशी घरातल्या वस्तूंच्या, पाण्याच्या, शौचालयाच्या प्रश्नांना लागते. एकांत मिळाला नाही तर कोण हजर होतं ते टिपा, आणि बलकावातच बसावं लागलं तर या अकरा कलमांसाठी दुसरी वेळ मागून घ्या.

उत्तर देणारी व्यक्ती म्हणजे आई, किंवा आई नसेल तर मुलाला मुख्यतः सांभाळणारी व्यक्ती. ‘बाबा घरी आहेत, तेच सांगतील’ यावर मान डोलावू नका, दिवसभर मुलाबरोबर कोण असतं ते विचारा.

प्रगणकांचं प्रशिक्षण निदान चार-पाच दिवसांचं हवं, आणि त्यातला अर्धा वेळ एकमेकांच्या मुलाखती घेण्यात जावा. बहुतेक प्रगणकांना स्वतः लहानपणी मार बसलेला असतो. काहीजण आता आपल्या मुलांना मारतात. हे आधी बोलून घेतलं नाही तर ते अकराव्या कलमाला आवाज खाली नेतात, नजर चुकवतात आणि ‘असं काही नसेलच ना’ असं विचारून मोकळे होतात. पर्यवेक्षकाने परवानगी घेऊन काही मुलाखतींना हजर राहावं. एखाद्या प्रगणकाच्या सगळ्या घरांत तीव्र शिक्षेला ‘नाही’ येत असेल तर ते मारहाण नसलेलं गाव सापडल्याचं लक्षण नव्हे.

पूर्वचाचणी निदान तीन वेगळ्या ठिकाणी करा. फोंड्याचा एखादा वाडा, सासष्टीतलं ख्रिस्ती घरांचं गाव आणि वास्कोतली भाड्याची चाळ, एवढं तरी. प्रत्येक कलमानंतर विचारा, ‘हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं?’ या एका प्रश्नाने भाषांतराच्या जेवढ्या चुका सापडतात तेवढ्या तज्ज्ञांच्या बैठकीतही सापडत नाहीत.

काही गंभीर दिसलं तर

हे पाहणी सुरू होण्याआधी लेखी ठरलेलं हवं, आणि संस्थेच्या नैतिकता समितीने मंजूर केलेलं. संमती घेताना सांगायचं की उत्तरं गुप्त राहतील, पण मुलाच्या जिवाला आत्ताच धोका दिसला तर आम्हाला मदत बोलवावी लागेल. मधेच हा नियम सांगणं हा विश्वासघात आहे.

लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे, तिथे समितीलाही सूट देता येत नाही. शारीरिक शिक्षेच्या ‘हो’चं तसं नाही. नुसत्या एका उत्तरावरून पोलिसांकडे धावल्यास दुसऱ्या दिवशी त्या वाड्यातलं एकही दार उघडणार नाही आणि त्या मुलाचं भलंही होईल असं नाही. पण ताजी मोठी जखम, भाजल्याच्या खुणा, उपाशी ठेवलेलं मूल दिसलं तर प्रगणकाने स्वतः निर्णय न घेता त्याच तासाला पर्यवेक्षकाला फोन करायचा. पुढचा मार्ग बाल कल्याण समितीचा किंवा १०९८ या बाल मदतवाहिनीचा. तातडी असेल तर ११२. हे क्रमांक प्रत्येक घरी द्या, पण ‘मार खाणाऱ्या मुलांसाठी’ असं लिहिलेल्या पत्रकावर नको. लसीकरण, अंगणवाडी, दवाखाना यांच्या क्रमांकांबरोबर एकाच कागदावर छापा, म्हणजे तो कागद घरातल्या कुणाच्याही हाती लागला तरी काही बिघडत नाही.

त्याच घरातल्या मुलालाही विचारून ताळा पाहावा, असा मोह होतो. करू नका. आईने काय सांगितलं आणि मुलाने काय सांगितलं याची घरात चौकशी होते आणि त्याची किंमत मूल मोजतं. मुलांकडूनच ऐकायचं तर वेगळ्या वस्त्यांत, वेगळ्या प्रशिक्षणाने आणि मोठ्या मुलांसाठी स्वतंत्र पाहणी लागते.

आकडे काढताना आणि छापताना

प्रत्येक मुलासाठी चार खुणा काढा: मानसिक आक्रमकता झाली का (४ किंवा ८), कुठलीही शारीरिक शिक्षा झाली का, तीव्र शिक्षा झाली का, आणि मानसिक किंवा शारीरिक यांतलं काहीही न होता फक्त अहिंसक रीती वापरल्या का. १६.२.१ साठी मानसिक किंवा शारीरिक यांतलं एकही ‘हो’ पुरतं. दोन्हींची बेरीज करायची नाही, कारण ज्याला मार बसतो त्याला ओरडाही बसतो. तसं केल्यामुळे शंभराच्या वर गेलेले तक्ते मी पाहिले आहेत.

एकत्रित आकडा नेहमी धक्कादायक येतो, कारण महिन्यात एकदा ओरडलेलं घरही त्यात येतं. म्हणून तो एकटा कधीच छापू नका. मानसिक, शारीरिक आणि तीव्र असे तिन्ही थर शेजारी ठेवा. ही पद्धत किती वेळा झालं ते सांगत नाही. महिन्यात एक थप्पड आणि रोजची थप्पड इथे सारखीच मोजली जाते. ‘रोज मार खातात’ असा मथळा देणाऱ्या पत्रकाराला हे आधीच सांगून ठेवा.

अनिश्चितता शब्दांत लिहा. समजा ५७६ मुलांतून ६२ टक्के आले, तर खरं प्रमाण साधारण ५७ ते ६७ च्या मधे आहे. तेच बारा तालुक्यांत वाटलं तर एका तालुक्याला जेमतेम ४८ मुलं येतात आणि चुकीची पट्टी मागेपुढे १४ टक्क्यांची होते, तीही वस्त्यांचा परिणाम न धरता. तो धरला तर १७. अशा आकड्यांवरून ‘पेडणे पहिलं, काणकोण शेवटचं’ अशी क्रमवारी लावणं म्हणजे चिठ्ठ्या उडवणं. वयोगट, मुलगा-मुलगी, शहर-गाव, आईचं शिक्षण एवढ्या विभागण्या पुरेत. धर्म किंवा मूळ राज्य यांवर तक्ता छापण्याआधी दहादा विचार करा. निमित्त शोधणाऱ्यांना गोव्यात ते लगेच मिळतं, आणि घराची ऐपत, खोल्यांची गर्दी, कामाचे तास हे सगळं सारखं केल्यावर तो फरक उरतो का, हे आधी तपासावं लागतं.

लिहिण्याची वाक्यंही ठरवून घ्या. ‘गोव्यातले इतके टक्के पालक मुलांना मारतात’ हे चूक, कारण पालक मोजलेच नाहीत. ‘१ ते १४ वयाच्या मुलांपैकी अंदाजे इतक्या टक्के मुलांना गेल्या महिन्यात घरातल्या कुणा मोठ्या माणसाकडून किमान एक शारीरिक शिक्षा झाली, असं त्यांना सांभाळणाऱ्यांनी सांगितलं’ हे बरोबर. लांबलचक आहे, मान्य. शेवटचे शब्द गाळायचा आग्रह संपादक धरतील, तिथेच अडून बसा. लोक कमी सांगतात, जास्त नाही, त्यामुळे हा आकडा बहुधा तळाचा आहे. जनजागृतीनंतरच्या दुसऱ्या फेरीत तो घटला तर मार घटला, की सांगणं घटलं, हे वेगळं शोधावं लागतं. मताचा प्रश्न आणि सौम्य कलमं त्या कामाला येतात. मत बदललं, ‘समजावून सांगितलं’ वाढलं आणि त्याबरोबर तीव्र शिक्षा घटली तर काही बोलता येतं. नुसती आठव्या कलमाची टक्केवारी खाली आली असेल तर थांबा.

माहिती साठवताना घराचं ठिकाण, मुलाचं नाव आणि अकरा उत्तरं कधीच एका फाइलमध्ये ठेवू नका. गावाचं नाव गटक्रमांकात बदला. छोट्या वाड्यात ‘तीन मुलांची विधवा आई’ एवढं वर्णनही ओळख पटायला पुरतं. पंचायतीने ‘आमच्या गावचा आकडा द्या’ म्हणून मागणी केली, आणि ती होतेच, तर एका गटातली आठ मुलं म्हणजे गाव नव्हे हे नम्रपणे सांगून राज्याचा तक्ता द्यावा.

नमुना, नकार किती आले, मुलाखतीची तारीख, कुठल्या भाषेत किती मुलाखती झाल्या, एकांत किती घरांत मिळाला आणि वजनं कशी काढली, हे अहवालाच्या पहिल्या पाच पानांत यावं. परिशिष्टात नको. प्रश्नावली मात्र परिशिष्टात चारही भाषांत पूर्ण छापा.